पाणबुड्या शोधणारा सेट आणि लॅनोलिनची डबी

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई माझ्याकडे दर वर्षी पाककृती मागतात. यंदा मी निवृत्त झाले, म्हणून बहुधा त्यांना माझी दया आली. "मेधाताई, तुमच्या त्या रडारवर लिहा ना काहीतरी," त्या फोनवर म्हणाल्या, "पण फार टेक्निकल नको हं. आणि युद्धबिद्ध जास्त नको, दिवाळी आहे." म्हणजे रडार हवं पण तंत्र नको, आणि युद्धातलं रडार हवं पण युद्ध नको. फोडणी न घालता आमटी करायला सांगण्यासारखंच हे. करून बघते.

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या टूवूंबा गावाबाहेर एका जुन्या धावपट्टीच्या कडेला पत्र्याच्या मोठ्या शेड्स आहेत. त्यांत विमानांचं एक छोटं संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानांमध्ये बसवलेली रडार पुन्हा जिवंत करायची, हे तिथलं माझं काम. आधी ते फुकट केलं, मग अर्धवेळ, मग पूर्णवेळ. पुण्यात मी मोजमापाची यंत्रं दुरुस्त करायचे. नवऱ्याला इथल्या युनिव्हर्सिटीत नोकरी लागली म्हणून आम्ही आलो, आणि इथल्या प्रत्येक मुलाखतीत मला एकच प्रश्न ऐकू येऊ लागला : "ऑस्ट्रेलियन अनुभव आहे का?" केनने तो विचारला नाही. केन हा संग्रहालयाच्या वर्कशॉपचा मुख्य. जन्मभर टीव्ही दुरुस्त करून निवृत्त झालेला, भलामोठा, टूवूंबाच्या कडाक्याच्या थंडीतही हाफ पँट घालणारा. त्याने माझ्यापुढे एक गंजकी पेटी ठेवली आणि म्हणाला, "हे उघडलंस की पहिल्यांदा काय करशील?" मी वाकून वास घेतला. जळलेल्या कॉइलचा वास वेगळा, वितळलेल्या मेणाचा वेगळा आणि उंदराचा तर सांगायलाच नको. "सोमवारपासून ये, मेट," केन म्हणाला. मला 'मेट' म्हणणारा तो पहिला माणूस. मी नवऱ्याला ते कौतुकाने सांगितलं, तर तो म्हणाला, "इथे कुत्र्यालाही मेट म्हणतात."

आता तंत्र. एकच परिच्छेद आहे, पण तो गाळू नका, पुढे त्याच्याशी काम आहे. हे रडार विमानातून समुद्रावरची जहाजं आणि पाणबुड्या शोधायचं. विमानाच्या पंखाखाली आणि अंगावर काट्यांसारख्या एरियल लावलेल्या. त्यांतून विजेच्या लहरींचा एक ठोका बाहेर जायचा, समुद्रावर लोखंडाचं काही असेल तर त्यावर आपटून परत यायचा, आणि आत एका छोट्या गोल पडद्यावर उमटायचा. पडद्यावर एक उभी हिरवी रेघ. रेघेचा तळ म्हणजे आपण, जितकं वर तितकं लांबचं. लांब कुठे जहाज असलं की रेघेला दोन्ही बाजूंना पान फुटायचं. डावं पान मोठं तर जहाज डावीकडे, उजवं मोठं तर उजवीकडे, आणि दोन्ही सारखी झाली की जहाज सरळ नाकासमोर. थोडक्यात कढीलिंबाची काडी. तळाशी मात्र लाटांच्याच प्रतिध्वनीचं झुडूप माजलेलं असायचं. पाणबुडी पाण्याखाली असली तर दिसायची नाही, हवा घ्यायला वर आली की पान फुटायचं. किनारा आला की जाडजूड पट्टा दिसायचा, आणि हे महत्त्वाचं, कारण हवा बिघडली की वैमानिकांना घरी आणायला तो पट्टाच असायचा. ऑपरेटर रबराच्या हूडमध्ये तोंड खुपसून ती रेघ बघत बसे. डोळे शिणायचे, म्हणून माणसं आळीपाळीने बसायची.

आणि आवाज? अजिबात नाही. हे मुद्दाम सांगते, कारण एकदा एका माहितीपटवाल्याने येऊन माझं डोकं खाल्लं होतं. सगळं शूटिंग झाल्यावर तो मला म्हणाला, "लव्ह, ह्याला जरा बीप करायला सांगशील?" मी म्हटलं, हे बीप करत नाही. "कधीच नाही? लोकांना बीप लागते गं." मी त्याला सांगितलं, माझ्या मायक्रोवेव्हला छान बीप आहे, तो घेऊन जा. तो हसला नाही.

असे सेट दुरुस्त करताना एकच पथ्य. घाई करायची नाही. साठ वर्षं उपाशी असलेल्या यंत्राला एकदम पूर्ण वीज दिली की ते फाडकन जातं. निर्जळी उपास सोडणाऱ्याला आपण आधी सरबत देतो, पुरणपोळी नाही. तसंच वीज थोडी थोडी वाढवत न्यायची आणि शेजारी नाक उघडं ठेवून बसायचं. शिवाय सेट पूर्ण जिवंत झाला तरी त्याच्या लहरी हवेत सोडायच्या नाहीत, कायद्याने बंदी. ज्या लहरींवर हा सेट चालायचा, त्याच पट्ट्यात पुढे टीव्हीचे चॅनल आले. केन म्हणायचा, "चालू कर, आणि अर्ध्या टूवूंबाचं क्रिकेट घालव, मग बघ लोक आपल्याला कसे शोधतात, रडारशिवाय." म्हणून आम्ही एका छोट्या डबीतून खोटा प्रतिध्वनी तारेने सेटमध्ये सोडायचो आणि पडद्यावर पान फुटायचं. खरा ठोका सोडायचाच झाला तर लोखंडी कंटेनरच्या आत, आणि तोही एरियलऐवजी सगळी ताकद गिळून नुसती गरम होणाऱ्या एका नळकांड्यात.

ह्या लहरी टीव्हीच्या जवळच्या, याचा सर्वांत जास्त फायदा डगला झाला. डग हा आमच्या भागातला शेतकरी, मेंढ्या आणि ज्वारीवाला. एक दिवस तो आपल्या यूटच्या, म्हणजे उघड्या हौद्याच्या गाडीच्या, मागे एक काटेरी सांगाडा घालून आला. म्हणाला, "शेड साफ करतोय. कोंबड्या ह्याच्यावर बसतात. बायको म्हणाली, म्युझियममध्ये दे, नाहीतर मी टिपवर कचऱ्यात टाकते." बघते तर काय, ते विमानाच्या रडारचं अस्सल एरियल, केबलच्या तुकड्यासकट! युद्धानंतर सरकारी माल लिलावात निघाला तेव्हा डगच्या वडिलांनी कुंपणाला लागेल म्हणून ते घेतलं होतं. पुढे टीव्ही आला तेव्हा छपरावर चढवलं. "आख्ख्या रस्त्यावर आमच्याकडेच क्रिकेट स्वच्छ दिसायचं," डग म्हणाला, "सगळे आमच्याच हॉलमध्ये बसायचे आणि आईकडे चहा मागायचे." पाणबुड्या शोधायला जन्मलेलं यंत्र, आणि त्याने आयुष्य काढलं ते चौकार दाखवण्यात. मी कोंबड्यांची घाण खरवडली, त्याला चिठ्ठी बांधली आणि मागच्या शेडमध्ये टांगून विसरून गेले.

हे सगळं चाललं तो काळ विद्यार्थ्यांच्या लाटेचा होता. आपल्याकडून विमानंच्या विमानं भरून मुलं येत होती. कुणी स्वयंपाकाचा कोर्स करायचं, कुणी केस कापायचा, कुणी अकाउंटिंगचा, आणि सगळ्यांचं लक्ष एकाच ठिकाणी : पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायचा परवाना. रविवारी ज्याच्याकडे गाडी असेल त्याच्या गाडीत कोंबून सगळे आमच्या संग्रहालयात यायचे, कारण टूवूंबात बघण्यासारखं उरलंसुरलं तेवढंच होतं. मी तळमळीने पानं फुटलेली रेघ दाखवायचे. मग एखादा हळूच विचारायचा, "दीदी, इस काम पे पीआर के पॉइंट्स मिलते हैं क्या?" मिळत नव्हते. पोरं निराश होऊन विमानापुढे फोटो काढायची आणि निघायची.

आमच्या मागच्या खोलीत केतकी राहायची. मूळची सांगलीची, गाणं शिकलेली, आणि इथे अकाउंटिंग करत होती. का, तर "ताई, मला आकडे आवडत नाहीत, पण आकड्यांना पॉइंट्स आहेत." शनिवार-रविवारी ती एका वृद्धाश्रमात काम करायची. म्हाताऱ्यांना आंघोळी घालणं, कपडे बदलणं, हातापायांना क्रीम लावणं. घरी आईवडिलांना तिने 'हॉस्पिटलमध्ये ॲडमिनला आहे' असं सांगितलं होतं. सुरुवातीला ती शिफ्टवरून आली की खोलीत जाऊन रडायची. पुढे पुढे रडायची नाही, जेवताना म्हाताऱ्यांच्या नकला करायची, आणि त्या नकलांमधून मला कळायला लागलं की तिचा त्यांच्यावर जीव जडलाय.

एक दिवस ती ताटावर बसली आणि म्हणाली, "ताई, आमच्याकडे एक जॉइस आहे ना, तिला हँडक्रीमचा राग आहे."

"कसला राग?"

"राग म्हणजे… बाकी शी इज सो स्वीट. पण लॅनोलिनची ट्यूब काढली की हात मागे घेते. आज तर ढकललंच मला. मग सॉरी म्हणाली. म्हणाली, इट्स नॉट यू, डार्ल, इट्स द स्मेल. आणि ऐक ना, तिला मी सांगितलं, मी जिथे राहते त्या ताई रडार रिपेअर करतात. तर ती लगेच म्हणाली, ब्रिंग हर."

लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतून निघणारं पिवळसर मेण. इथे घराघरांत असतं. फुटलेल्या टाचांना, बाळाच्या अंगाला, गंजक्या बिजागरीला, सगळ्याला तेच. त्याचा रडारशी संबंध काय, ते मला कळेना. पुढच्या रविवारी गेले.

जॉइस खिडकीपाशी बसली होती. लहानखुरी, पाठीत वाकलेली, पण केस नीट विंचरलेले आणि ओठांना लिपस्टिक. तिने माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या हातांकडे बघितलं. सोल्डरिंगचे डाग बघून तिची खात्री पटली असावी.

"बिघडलेला सेट उघडलास," ती म्हणाली, "पहिल्यांदा काय करतेस?"

"वास घेते."

ती खुदकन हसली. "बस. केतकी, ह्या बाईला चहा दे."

युद्धात जॉइस रडार मेकॅनिक होती. पुरुष आघाडीवर गेले, तेव्हा तांत्रिक कामाला मुली घेतल्या, त्यांतली ती एक. क्वीन्सलंडच्या उत्तरेला, समुद्रकाठच्या एका तळावर तिची नेमणूक होती. विमानं पाणबुड्यांच्या शोधात समुद्रावर जायची, परत यायची, आणि त्यांची रडार तपासायचं काम जॉइसकडे. तिथली रीत अशी होती : उड्डाणाआधी मेकॅनिकने एरियलचे प्लग बसवायचे, ऑपरेटरने आत हूडमध्ये तोंड घालून पडदा बघायचा, आणि सगळं नीट दिसलं की ओरडायचं, "गुड पिक्चर!" ते दोन शब्द कानावर आल्याशिवाय मेकॅनिकने विमान सोडायचं नाही.

"पावसाळ्याचे दिवस होते," जॉइस सांगू लागली. "प्लगमध्ये पाणी शिरायचं. पाणी शिरलं की सेट आंधळा. ते बुजवायला एक लेप मिळायचा, तो संपला. सार्जंट म्हणाला, नवा येईपर्यंत काहीतरी जमव. आमच्या घरी मेंढ्या, त्यामुळे माझ्याजवळ आईने पाठवलेली लॅनोलिनची डबी होती. हात फुटायचे ना माझे. मी तीच प्लगमध्ये भरली. कुणाला विचारलं नाही."

केतकी चहाचा कप हातात घेऊन तशीच उभी होती.

"ॲलन ऑपरेटर होता त्या विमानावर. बेकरीवाल्याचा मुलगा. आत बसून ओरडला, गुड पिक्चर, जॉइस! आणि अंगठा दाखवला. माझं नाव घ्यायची रीत नव्हती, पण तो घ्यायचा. दुपारी हवा फिरली. ते विमान आलंच नाही. काही सापडलं नाही. कधीच."

"चौकशी झाली असेल ना?"

"झाली असेल. आम्हा मुलींना कोण विचारतंय?" मग तिने पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं. "उन्हाने मेण वितळलं असेल. आत ओघळलं असेल. सेट आंधळा झाला असेल आणि त्यांना किनारा दिसला नसेल. मी लग्न केलं, मुलं वाढवली, शाळेत गणित शिकवलं. पण ही एक गोष्ट मला कुणी सांगू शकलं नाही. तू त्यातली आहेस. तू सांग. ते मी केलं का?"

गाडीत केतकी म्हणाली, "ताई, तू टेस्ट करशील ना?"

"करीन."

"आणि वाईट निघालं तर? सांगू नकोस ना. प्लीज. ती किती जगणारे आता."

केननेही तेच सांगितलं. "टेस्ट कशाला करतेस? ठीक होतं म्हणून सांग, आणि घरी जा. म्हातारीला झोप लागू दे." दोघांचंही मन चांगलं होतं. पण मला ते पटेना. जॉइसने मला धीर मागितला नव्हता. धीर द्यायला तिच्याकडे मुलं होती, पाद्री होता. तिने एका मेकॅनिकला दुसऱ्या मेकॅनिकने विचारावा तसा प्रश्न विचारला होता, आणि त्याला खोटं उत्तर देणं मला तिचा अपमान वाटला. मी केनला सांगितलं, जे निघेल ते सांगणार. हे म्हटलं खरं, पण वाईट निघालं असतं तर ते तोंडाने कसं सांगितलं असतं, देव जाणे.

आम्ही कंटेनरमध्ये सेट लावला. फार्मसीतून लॅनोलिन आणलं. आधी कोरडा प्लग लावून मोजलं, मग लॅनोलिन भरून. मग केनने बायकोचा हेअर ड्रायर आणला आणि प्लगवर धरला. मेण पातळ झालं, कडेने ओघळलं, कंटेनरभर ओल्या मेंढीचा वास सुटला. मी मीटरवरची नजर हलवली नाही. काटा जिथे होता तिथेच राहिला. पूर्ण ताकदीचा ठोका दिला, तरी ठिणगी नाही, गळती नाही. केनने मला मिठी मारली. हाफ पँटवाल्या माणसाने मिठी मारावी असा तो दिवस होता.

मी तशीच जॉइसकडे गेले आणि सगळं नीट सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मान हलवली, आणि म्हणाली, "तुझ्या त्या लोखंडी डब्यात पाऊस पडत होता का?"

मी मीटरच्या नोंदींचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

"ताजं मेण तर कुठलंही पास होईल, लव्ह. माझे प्लग दिवसेंदिवस पावसात उभे होते. ऊन, पाऊस, पुन्हा ऊन. त्याचं काय?" मग माझा हात थोपटून ती म्हणाली, "तू मेहनत घेतलीस. थँक यू." हे 'थँक यू' मला फार लागलं. परीक्षकाने नापास विद्यार्थ्याला प्रेमाने म्हणावं तसं ते होतं. आणि तिचं बरोबर होतं. तिच्या जागी मीही हेच विचारलं असतं.

घरी परतताना मी विचार करत होते की प्लग ऊन-पावसात टांगून ठेवायचा म्हटलं, तरी तेवढा वेळ जॉइसकडे आहे का. शिफ्ट संपवून निघालेली केतकी शेजारी बसून काहीतरी गुणगुणत होती. टूवूंबाच्या घरांवरची टीव्हीची एरियल मागे पडत होती. कुणाच्या छपरावर कावळा बसलेला, कुणाच्या कबुतर. आणि मला एकदम डगच्या कोंबड्या आठवल्या.

गाडी तशीच वळवली. संग्रहालयाच्या मागच्या शेडमध्ये ते एरियल माझ्या चिठ्ठीसकट टांगलेलं होतं. केबलच्या टोकाला पितळी प्लग, बाहेरून काळाठिक्कर. मी पाना लावला. हलेना. केतकीने दुसरीकडून धरलं, मी जोर लावला, आणि तो एकदम सुटला.

आधी वास आला. केतकीने माझ्याकडे बघितलं. "ताई, हे तर…"

प्लगच्या आत मधासारखं पिवळं, घट्ट झालेलं मेण होतं. मी एका कडेचं चिंधीने पुसलं. खाली पितळ नव्यासारखं चकचकत होतं.

तिथूनच डगला फोन लावला. "डग, तुझ्या त्या एरियलच्या प्लगमध्ये काय भरलंय?"

"लॅनोलिन," डग म्हणाला, जसं काही मी आमटीत मीठ का घातलं असं विचारलं होतं. "डॅडने भरलं, छपरावर चढवलं तेव्हा. इथे सगळ्यालाच लावतात. का? एनिथिंग रॉंग?"

"पुन्हा कधी उघडलेलं?"

"कशाला उघडेल कोण? चालत होतं की. मी शाळेत असल्यापासून माझी मुलं शाळेत जाईपर्यंत तेच होतं वर. गारा पडल्या, दुष्काळ पडला, क्रिकेट काही गेलं नाही."

मला हसू आलं आणि रडूही आलं. मेंढ्या पाळणाऱ्या घरात वाढलेल्या एका मुलीने जे केलं, तेच मेंढ्या पाळणाऱ्या दुसऱ्या घराने न सांगता, न विचारता केलं होतं, आणि त्याच लहरींसाठी बनवलेल्या त्याच जातीच्या प्लगमध्ये. जॉइसला हवी होती ती चाचणी डगच्या छपरावर कधीच होऊन गेली होती. फक्त आम्ही प्लग उघडायचा बाकी होता.

मी अर्धा प्लग पुसला, अर्धा तसाच ठेवला, आणि दोन्ही भाग जॉइसच्या मांडीवर नेऊन ठेवले. ते कुठून आले ते सांगितलं. तिने चष्मा बदलला. नखाने मेण खरवडलं, बोटांत चोळलं, आणि नाकाशी नेलं. ह्या वासापासून हात मागे घेणारी बाई. पितळ खिडकीच्या उजेडात धरून तिने इतक्या बारकाईने बघितलं की मला माझीच परीक्षा चालू आहे असं वाटलं.

"कोरडं आहे," ती म्हणाली.

"हो. पण जॉइस, विमान का आलं नाही, ते मला माहीत नाही. ते मी सांगू शकत नाही. एवढंच सांगते, की ते ह्याच्यामुळे नव्हतं."

तिने मान हलवली. मग तिचा चेहरा हळूहळू मोडला. मला वाटलं होतं ती सुटकेचा श्वास टाकेल. ती रडायला लागली. "माझी चूक असती," ती म्हणाली, "तर निदान काहीतरी कारण तरी असतं." केतकी खाली बसली आणि तिने जॉइसचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. अकाउंटिंगवाल्या ह्या पोरीला कुणी शिकवलं होतं हे, मला माहीत नाही. ती हळू आवाजात मराठीत काहीतरी गात होती, आणि जॉइसला एक शब्द कळत नव्हता, आणि ते चालत होतं.

तो सेट आता काचेमागे आहे. केन गेला, नवं व्यवस्थापन आलं. जुन्या यंत्रात हजारो व्होल्ट, कोण जबाबदारी घेणार, असं म्हणून त्यांनी त्याची वायर काढली. शेजारी एक बटण बसवलंय. ते दाबलं की रेकॉर्ड केलेली बीप ऐकू येते. मुलांना फार आवडते. माहितीपटवाला शेवटी जिंकला म्हणायचा. मला वाईट वाटतं, उगाच का खोटं बोला. निवृत्त व्हायचं ठरवलं त्यात त्या बिपेचाही वाटा आहे.

पण जॉइसला प्लग दाखवल्यानंतरच्या रविवारी सेट काचेमागे नव्हता आणि केन होता. जॉइसनेच निरोप पाठवला होता, "मला पडदा बघायचाय. त्याच प्लगमधून." केतकीने तिला गाडीतून आणलं, लिपस्टिक लावून. आम्ही सकाळपासून वीज थोडी थोडी वाढवत आणली होती. डगचा प्लग, उरलेल्या मेणासकट, केबलमध्ये जोडला होता. केनने तिला ऑपरेटरच्या स्टुलावर बसवलं आणि मागे हात बांधून उभा राहिला. "मी कधीच इथे बसले नाही," जॉइस म्हणाली. "आम्ही बाहेरच असायचो, पंखाखाली."

तिने वाकून हूडमध्ये तोंड घातलं. मी डबीतून खोटा प्रतिध्वनी सोडला. आधी लांब, मग हळूहळू जवळ आणला. मला पडदा दिसत नव्हता, पण काय दिसत असेल ते पाठ होतं. हिरवी उभी रेघ, खाली लाटांचं झुडूप, आणि वर दोन्ही बाजूंना सारखं फुटलेलं पान. सरळ नाकासमोर. मग मी डबीचं दुसरं बटण फिरवलं, आणि वरच्या टोकाला जाड पट्टा आला असणार. किनारा.

जॉइसचा हात हूडच्या बाहेर आला आणि तिने अंगठा वर केला.

"गुड पिक्चर, ॲलन," ती म्हणाली.

त्यानंतर बराच वेळ तिने हूडमधून तोंड बाहेर काढलं नाही. मीही किनारा पडद्यावरून हलवला नाही.